वहिनींनी मागितलेली जागा

हे लिहायला मी याआधीही बसलो होतो. प्रत्येक वेळी काहीतरी काम निघालं. कधी वीजबिल, कधी गुडघा, कधी गच्चीवरच्या टाकीत पाणी चढलं का ते बघायचं. म्हाताऱ्या माणसाला काम नसतं असं लोकांना वाटतं, पण काही टाळायचं असलं की त्याच्याइतकं गुंतलेलं कुणी नसतं. बायको होती तोवर, ती पुन्हा तोच विषय काढेल म्हणून मी गप्प राहिलो. ती गेल्यावर घरात ऐकणारंच कुणी उरलं नाही, म्हणून गप्प राहिलो. ज्या बाईंची मला माफी मागायची होती त्या गेल्या हिवाळ्यात वारल्या. आता टाळायला काही कारण राहिलेलं नाही.

मी भोसरीकडच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत टाइम ऑफिसला होतो. हजेरी, रजा, ओव्हरटाइम आणि कंपनीच्या बसगाड्या एवढं माझ्याकडे असे. आम्ही काही कामगार आणि कारकुनांनी मिळून कर्वेनगरात सोसायटी बांधली होती. तेव्हा या भागात रिकामे प्लॉट होते आणि संध्याकाळी कोल्हेकुई ऐकू यायची, असं सांगितलं तर आता कुणी विश्वास ठेवत नाही. माझ्या वरच्या मजल्यावर टूलरूममध्ये साचे बनवणारा एकजण राहायचा. आम्ही साधारण एकाच वयाचे. सकाळी जिना उतरताना तो हातातली किल्ली माझ्या दाराच्या कडीवर वाजवायचा. त्या आवाजावर मी चहाचा कप खाली ठेवायचो आणि चपला घालायचो. वीसेक वर्षं मला घड्याळ लागलं नाही.

कंपनीच्या बसमध्ये जागांवर नावं नसतात, पण कुणाची जागा कुठली हे सगळ्यांना माहीत असतं. डावीकडची तिसरी रांग आमची. खिडकीत तो, शेजारी मी. एखादा नवा मुलगा चुकून तिथं बसला तर त्याला कुणी उठ म्हणत नसे, फक्त मागच्या बाकावरून आवाज यायचा, "राजे, सिंहासनावरून पायउतार व्हा." कुणी आजारी असला तर त्याची जागा रिकामी ठेवून बस जायची. लोक दांड्याला धरून उभे राहायचे, पण त्या जागेवर बसायचे नाहीत. असा काही नियम मी काढलेला नव्हता. ते तसंच चालत आलेलं होतं.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे आम्ही शहराच्या उलटे जगायचो. मुलांच्या शाळा रविवारी बंद, आम्ही रविवारी कामावर. नातेवाईक रविवारी एकमेकांकडे जेवायला जायचे, आम्हाला बोलवायचंही हळूहळू सोडून दिलं त्यांनी. गुरुवारी दुपारी अख्खी सोसायटी ओस, आणि खाली पारावर आम्ही कंपनीवाले तेवढे पत्ते कुटत बसलेलो. कंपनीबाहेर आम्हाला फारशी माणसंच नव्हती. हे तेव्हा जाणवलं नाही, कारण कंपनी होती.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा कंपनीत संगणकावर चालणारी मशिनं आली आणि त्यांच्या मागोमाग व्हीआरएस आली. नोटीस बोर्डावर तिला स्वेच्छानिवृत्ती म्हटलं होतं. स्वेच्छा कोणाची, असं एकाने पेन्सिलने खाली लिहिलं होतं, ते मी दुपारी पुसलं. टूलरूममधल्या जुन्या माणसांनी अर्ज द्यावेत अशी अपेक्षा होती. एका सकाळी बसमध्ये त्याने मला विचारलं, "तू काय केलं असतंस?"

मी म्हणालो, "तुझ्या जागी असतो तर घेतली असती."

मी त्याच्या जागी नव्हतो. त्याच आठवड्यात आमच्या साहेबांनी मला सांगितलं होतं की टूलरूममधून पुरेसे अर्ज आले तर टाइम ऑफिसला सध्या हात लावणार नाहीत. हे मी त्याला बोललो नाही. त्याने माझ्या सांगण्यावरून सही केली असं मी म्हणणार नाही, तेवढा मी मोठा नव्हतो. पण मला विचारल्यानंतर त्याने दुसऱ्या कुणाला विचारलं नाही, एवढं खरं.

निरोप चांगला झाला. नारळ, शाल, पेढे, भिंतीवरचं घड्याळ. परतीच्या बसमध्ये त्याने सगळ्यांना पेढे वाटले आणि ड्रायव्हरला दोन दिले. पुढे घराचे हप्ते त्याने फेडून टाकले, मुलाची डिप्लोमाची फी बाजूला ठेवली, उरलं ते बँकेत टाकलं. घरात कुणी उपाशी नव्हतं. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर लोक म्हणाले, पैसा तर मिळाला होता, मग काय दुखत होतं?

काय दुखत होतं ते मला तेव्हाही दिसत होतं. तो कामं शोधत होता. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये गेला, तिथं त्याचं वय विचारलं आणि चहा पाजून परत पाठवलं. मग हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअरच्या इमारतीत सिक्युरिटीला लागला. निळा शर्ट, टोपी. काही आठवड्यांत सोडून आला. "मुलं वाईट नाहीत रे," तो मला म्हणाला, "पण दिवसभरात मला कुणी काही विचारत नाही. दार ढकलतात आणि पुढं निघून जातात. मी तिथं आहे का नाही, दाराला तरी कळत असेल का?" यावर मी हसलो. त्यानेही थोडंसं हसल्यासारखं केलं.

आणि तरी त्याची सुट्टी गुरुवारचीच राहिली. रविवारी सकाळी दाढी करून, डबा घेऊन तो बाहेर पडायचा आणि गुरुवारी घरी असायचा.

बाहेर पडून कुठं जायचा? आमच्याच बसमध्ये यायचा. त्याच्या निवृत्तीनंतर त्याची जागा पहिले काही दिवस रिकामी राहिली होती, मग मी खिडकीकडे सरकलो होतो. एका सकाळी दाराच्या कडीवर किल्ली वाजली. मी सवयीने चपला घातल्या. तो डबा घेऊन उभा होता. म्हणाला, तिकडं एका वर्कशॉपमध्ये काम बघायला जायचंय, तुमच्याबरोबर येतो. ड्रायव्हरने काही विचारलं नाही. मी खिडकी सोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा किल्ली वाजली. तिसऱ्या दिवसापासून वर्कशॉपचं नावही निघालं नाही. कंपनीच्या फाटकासमोर चहाची टपरी होती, तिथं तो बाकावर बसायचा. आत जाणाऱ्यांना विचारायचा, आज कुठल्या मशिनवर? दुपारी डबा खायचा आणि शिफ्ट सुटली की आमच्याबरोबर परत. जाताना आम्ही डुलक्या घ्यायचो, येताना पत्ते खेळायचो, त्यात तो असायचा. पत्त्यांत तो पूर्वीसारखाच होता. चिडायचा, खोटं खेळायचा, पकडला की म्हणायचा, "डोळे तपासून घ्या."

वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, हे सगळं ठाऊक होतं. त्याच डबा भरून द्यायच्या. हे मला पुढे कळलं.

काही आठवडे असे गेले. मग एक दिवस मोठ्या साहेबांनी गाडीतून उतरताना टपरीकडे पाहिलं आणि मला बोलावून विचारलं, हा माणूस रोज इथं का असतो? मी म्हणालो, चौकशी करतो. त्यांनी आणखी काही म्हटलं नाही. मला धमकी दिली नाही, काही नाही. पण बसगाड्या माझ्याकडे होत्या, आणि तो कुठल्या बसमधून येतो हे शोधायला कुणाला फार वेळ लागला नसता.

मी त्याच्याशी बोलायला हवं होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर जायला हवं होतं. जिना चढून जाणं एवढंच होतं ते. पण मी पेठेत वाढलेला माणूस. तोंडावर बोलण्यापेक्षा पाटी लिहिणं आम्हाला सोपं जातं. सोसायटीतल्या पाट्या मीच लिहायचो आणि त्यांचं कौतुक व्हायचं. 'झाडाची फुले देवासाठी आहेत, तुमच्या देवासाठी नाहीत,' ही माझी. तर मी एका रात्री एक पुठ्ठा घेतला, वळणदार अक्षरात लिहिलं आणि सकाळी बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे टांगला.

'ही बस कामावर जाणाऱ्यांसाठी आहे. फिरायला जाणाऱ्यांसाठी सारसबाग आहे.'

बसमध्ये हशा पिकला. मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी मारली. तो शेवटी चढला, पाटी समोरच होती. त्याने ती मोठ्याने वाचली आणि सगळ्यांबरोबर हसला. मग माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "अक्षर काय सुरेख आहे रे तुझं." संध्याकाळी पत्त्याला बसला नाही. दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीवर आवाज झाला नाही, आणि मला उशीर झाला.

त्यानंतर महिनाभराने वहिनी आमच्याकडे आल्या.

वहिनी मांजरी गावच्या. माहेरी उसाची शेती, मोठं कुटुंब. लग्न होऊन शहरात आल्या तरी त्यांचा आवाज शेतातलाच राहिला, म्हणजे या बांधावरून त्या बांधाला ऐकू जाईल असा. सोसायटीतल्या बायका त्यांच्या बोलण्याची नक्कल करायच्या. मीही केली आहे. त्यांच्या घरचं बोलणं जिन्यात ऐकू यायचं, आणि त्यामुळे त्या घरात सारखी भांडणं चालतात असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. आमच्या घरची भांडणं दार लावून, दबक्या आवाजात व्हायची, ती कुणाला कळायची नाहीत.

त्या दिवशी मात्र त्या हळू बोलत होत्या. गुरुवार होता, मी पेपर वाचत होतो. बायको स्वयंपाकघरात होती. वहिनी बसल्या नाहीत, दाराशीच उभ्या राहिल्या.

"भाऊजी, एक मागायला आले होते," त्या म्हणाल्या. "ह्यांना तेवढं बसमध्ये बसू द्या. मी कुणाला सांगायची न्हाई."

मी पेपर खाली केला.

"घरात राहिले की भिंतीकडं बघत बसत्यात. जेवण जात न्हाई. रात्री उठून बसत्यात. तुमच्यासंगं बसमध्ये जात होते तवा बरे होते. संध्याकाळी येऊन मला सांगायचे, कोण काय बोललं, कोण हरलं. मला भ्या वाटतंय हो."

त्यांना भीती कसली वाटते हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. कळलं होतं, म्हणूनच विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं आणि मग काहीतरी करावं लागलं असतं. जिभेवर जे आलं ते मी बोललो.

"वहिनी, कंपनीची बस आहे ती. पाळणाघर नव्हे."

त्या "बरं" म्हणाल्या आणि वर गेल्या. पायऱ्यांवर त्यांच्या पावलांचा आवाज सावकाश विरत गेला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. बायको बाहेर आली नाही.

पुढे जे झालं ते कसं झालं हे मी लिहिणार नाही. ते कुणाच्या कामाचं नाही. माझ्या मित्राने आपलं आयुष्य संपवलं, एवढं पुरे. तोही गुरुवार होता, म्हणून सोसायटीतले सगळे कंपनीवाले घरी होते आणि सगळे जिन्यात जमले, आणि कुणालाच काही करता आलं नाही.

दुपारी चौकीतून एक हवालदार जबाब घ्यायला आला. शेजारी, सहकारी आणि सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून त्याने मला विचारलं. माणूस सभ्य होता, घामाघूम झाला होता. आमच्याकडेच पाणी प्यायला. कंपनीत काही त्रास होता का? मी म्हणालो, नाही, त्यांनी आपणहून निवृत्ती घेतली होती. कर्ज, दारू? नाही. आजार? माहीत नाही. मग घरात काही?

इथं मी थांबलो. हवालदार पेन धरून बसला होता. माझ्या डोक्यात तेव्हा काय होतं ते मी आठवून आठवून पाहिलं आहे. पाटी होती. ती अजून बसमध्ये टांगलेली होती. साहेबांनी टपरीकडे पाहिलेलं होतं. व्हीआरएसच्या दुसऱ्या यादीची चर्चा चालू होती. मला कुणी काही शिकवलं नव्हतं. कंपनीतून फोन आला नव्हता. हे लिहायला मला सगळ्यात जड जातं. कुणी सांगितलं असतं तर निदान त्याच्यावर ढकलता आलं असतं.

"तशा वहिनी माझ्याकडे आल्या होत्या मध्यंतरी," मी म्हणालो. "ते घरात बसून असतात, त्यांना कुठंतरी बाहेर धाडा, असं त्यांचं म्हणणं होतं."

"म्हणजे घरात खटके होते."

"मी काय सांगणार. आवाज यायचे जिन्यात."

त्याने लिहून घेतलं. मी बोललेला एकही शब्द पूर्ण खोटा नव्हता. त्या आल्या होत्या. त्याने घरात बसू नये असं त्यांचं म्हणणं होतं. जिन्यात आवाज यायचे. नुसते खरे तुकडे जोडून मी एका बाईला गुन्हेगार केलं, आणि जी एकटी मदत मागायला आली होती तिलाच केलं.

दोन दिवसांनी पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. घरगुती कारणावरून, असं त्यात होतं. तो शब्द मी आयुष्यभर पेपरात वाचत आलो होतो आणि कधी त्याच्यावर थांबलो नव्हतो. त्यानंतर मात्र तो दिसला की मला प्रश्न पडायचा, हा कुणी पुरवला असेल? त्या घराच्या शेजारी कोण राहत असेल?

सोसायटीला ते पटायला वेळ लागला नाही. गावाकडची, तोंडाळ, सारखी घालून पाडून बोलायची, बिचारा गरीब माणूस. ज्या बायका आदल्या आठवड्यात त्यांच्याकडून कैऱ्या घेऊन गेल्या होत्या त्या जिन्यात बाजूला होऊ लागल्या. त्याच्या भावांनी मुलाला आपल्याकडे नेलं. मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा, त्याने जबाबात काय आहे ते कुणाकडून तरी ऐकलं होतं. जाताना तो आईच्या पाया पडला नाही. मी माझ्या दारात उभा होतो. मी तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर सगळं तिथंच थांबलं असतं. मी त्याला म्हणालो, "अभ्यास कर नीट."

बायकोने मला एकदाच टोकलं. हवालदार गेल्यावर, रात्री, अंथरुणं घालताना.

"अहो, वहिनी भांडायला नव्हत्या आल्या. जागा मागायला आल्या होत्या."

"तुला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो.

तिने पुन्हा विषय काढला नाही. तेरा दिवस ती वर डबा घेऊन जात राहिली, सोसायटीत ती एकटीच जात होती. परत आली की माझं ताट वाढायची आणि आत जाऊन बसायची. आमचं बोलणं बंद झालं नाही. दूध आलं का, गॅस संपत आलाय, असं सगळं बोलणं राहिलं. पण ती माझ्याकडे बघून हसायची ते त्यानंतर मला आठवत नाही. वहिनी काही महिन्यांनी घर भाड्याने देऊन मांजरीला भावाकडे गेल्या.

दुसऱ्या यादीत माझं नाव होतंच. मलाही नारळ मिळाला, शाल मिळाली. पहिल्या सकाळी मी नेहमीच्या वेळी जागा झालो, चहा घेतला आणि चपला घालून दाराशी बसलो. मग बसथांब्यावर गेलो. बस आली, मंडळींनी हात केला, ड्रायव्हरने मान डोलावली. मी चढलो नाही. पाटी अजून तिथं होती. ती कुणी काढली नव्हती, कारण ती काढायचं काम माझं होतं. बस गेल्यावर त्या थांब्यावर जी शांतता उतरली तशी मी कधी ऐकली नव्हती. रस्ता भरलेला होता, दूधवाले होते, शाळेच्या रिक्षा होत्या, आणि त्यातल्या कुणालाही माझी गरज नव्हती. तो टपरीच्या बाकावर का बसायचा हे मला त्या दिवशी समजलं. मला बायको होती, थोडी पेन्शनची सोय होती, वाचायची सवय होती. मी तरलो. त्याच्यापेक्षा शहाणा होतो म्हणून नाही.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एकदा मानसोपचाराचे एक डॉक्टर बोलायला आले होते. ते म्हणाले, माणूस एका कारणाने असं करत नाही. काम जातं, कामाबरोबर ओळख जाते, माणसं तुटतात, मनाचा आजार वाढत जातो आणि सगळं एकत्र येतं. कुणाचं बोलणं-जेवण बदललं, कुणाला भीती वाटते असं घरचे म्हणाले, तर सरळ विचारा, विचारल्याने काही बिघडत नाही, आणि डॉक्टरकडे न्या, बरं होता येतं. नंतर प्रश्नोत्तरं झाली. सगळ्यांनी झोपेच्या गोळ्यांबद्दल विचारलं. माझा प्रश्न मी गिळला. एका बसच्या जागेने माणूस वाचतो का, हे मला विचारायचं होतं. कदाचित वाचला नसता. पण त्याच्यासोबत निवृत्त झालेल्यांतले जे पुढे सावरले ते मला आठवतात. एक मेव्हण्याच्या दुकानात बसू लागला, एक भजनी मंडळात पेटी वाजवू लागला, एकाला देवळाच्या ट्रस्टने किल्ल्या सांभाळायला दिल्या. पगार कुणाला नव्हताच. सकाळी कुणीतरी त्यांची वाट बघत होतं, एवढंच. त्याची वाट डावीकडची तिसरी रांग बघत होती.

बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी मी मांजरीला गेलो. दोनदा बस बदलून, उन्हाचा. ऊस फारसा राहिला नव्हता. शेताच्या जागी इमारती उभ्या होत्या, आणि वहिनींच्या भावाचंही शेत गेलं होतं, त्याच्या तीन मजली घरात भाडेकरू होते. वहिनी तळमजल्यावर एका खोलीत राहत होत्या. आवाज पार खाली गेला होता. मला त्यांनी लगेच ओळखलं, खुर्ची पुसून दिली, चहा केला. बायकोबद्दल ऐकून डोळे टिपले. म्हणाल्या, "त्या तेरा दिवस माझ्यापाशी आल्या होत्या. मी इसरले न्हाई."

मुलाचं विचारलं. हिंजवडीला आहे, दिवाळीला फोन असतो, सूनबाई बोलते. एवढं सांगून त्यांनी कप उचलले, आणि पाठमोऱ्या असतानाच मला विचारलं, "भाऊजी, तुम्ही रोज त्यांच्या शेजारी बसायचा. माझं काय कमी पडलं हो? समदे म्हणत्यात माझ्यापायी झालं. मीही तसंच धरून चालले. पण माझ्या कशापायी, ते मला अजून उमगलं न्हाई."

म्हणजे मी एका दुपारी जे रचलं होतं त्यावर त्यांनी स्वतः विश्वास ठेवला होता. इतकी वर्षं त्या खोलीत बसून त्या स्वतःची चूक शोधत होत्या.

मी म्हणालो, "नाही हो वहिनी, तसं काही नाही. असतं एकेकाचं नशीब."

मग म्हणालो, बस चुकेल. त्यांनी मला पिशवीत गूळ बांधून दिला. थांब्यावर मी पुढच्या बसची वाट बघत बराच वेळ उभा होतो. माघारी जायला भरपूर वेळ होता. मी घरी आलो.

पुन्हा जायचं ठरवत राहिलो. पावसाळा संपू दे, गुडघा बरा होऊ दे, दिवाळी होऊ दे. हिवाळ्यात त्यांच्या भावजयीचा फोन आला, वहिनी गेल्या. फोनवर ती घाईत होती, म्हणाली, त्यांच्या वहीत तुमचा नंबर होता म्हणून कळवलं. मुलगा आला होता, सगळं त्यानेच केलं, असंही म्हणाली.

त्या मुलाला मी हे वाचायला देणार आहे. त्याने माझं काय करायचं ते ठरवावं. पण त्याला देऊन हे वहिनींना पोचत नाही, हे मला कळतं. गुळाची पिशवी रिकामी होऊनही मी टाकलेली नाही. संध्याकाळी खिडकीत बसलो की समोरच्या थांब्यावर हिंजवडीच्या गाड्या येऊन थांबतात, मुलं कानात इअरफोनची बोंडं घालून उतरतात आणि एकमेकांशी न बोलता पांगतात. त्या वेळी मी कधीकधी मोठ्याने बोलून बघतो. घरात कुणी नसतं, म्हणून लाज वाटत नाही. मांजरीच्या त्या खोलीत, कपांकडे वळलेल्या त्या पाठीला सांगायचं होतं ते एवढंच होतं:

वहिनी, तुमचं काही कमी पडलं नाही. तुम्ही त्याच्यासाठी जागा मागायला आला होता आणि मी ती दिली नाही. मग ते लपवायला मी पोलिसांना तुमचं नाव सांगितलं. तुमच्यापायी काही झालं नाही. मला माफ करा.